बराकीच्या भिंतींना आलेला घाम

दार उघडलं, पण बिजागरी वाजली नाही.

मी दार लोटलं आणि पुन्हा उघडलं. तरी आवाज नाही. बिजागरीवरून बोट फिरवलं तर बोटाला तेल लागलं. करडईचं, ताजं.

"खंडू, ही बराक कधीपासून बंद आहे म्हणालास?" मी चौकीदाराला विचारलं.

"पलटण गेली तवापासून, सायेब. माझा बाप चौकीदार व्हता तवापासून बंदच हाय."

"मग आत कोण येतं?"

"कोन येतंय? वटवाघळं येत असतील."

मी वर पाहिलं. सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोण, एकामागे एक उभ्या होत्या. एकाही कैचीला वटवाघूळ लटकलेलं नव्हतं. खाली लेंड्या नव्हत्या. धूळसुद्धा नव्हती. बराकीचा पश्चिमेकडचा अर्धा भाग मी नुकताच पाहून आलो होतो. तिथे घोट्यापर्यंत धूळ होती, सापाची कात होती, पाखरांची पडलेली घरटी होती. मध्ये एक आडवी भिंत, आणि तिच्या पलीकडचा हा पूर्वेचा भाग मात्र सणासाठी झाडून घ्यावा तसा लख्ख.

"इथलं झाडलं कोणी?"

"वाऱ्यानं गेली असंल धूळ," खंडू म्हणाला आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचत बाहेर निघून गेला.

मी निजाम सरकारच्या तामीरात खात्यात, म्हणजे बांधकाम खात्यात, ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर हा इंजिनियर आणि गवंडी यांच्या मधला माणूस. इंजिनियरला वाटतं हा गवंड्यांना सामील आहे. गवंड्यांना वाटतं हा साहेबाचा खबऱ्या आहे. दोघांचे संशय सांभाळत काम उरकायचं, अशी ती नोकरी. महायुद्धाचे दिवस होते. बाजारात रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, आणि त्या वर्षी तर मिठासाठीसुद्धा बायका दुकानापुढे बसून राहत.

आदल्या पावसाळ्यात कयाधूला मोठा पूर आला होता. नदीकाठची भोयांची, परटांची, कुंभारांची घरं वाहून गेली. ती कुटुंबं तेव्हापासून सरकारी शाळेच्या पडवीत आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. आता उन्हाळा होता, पण सुटी संपून शाळा उघडायच्या आणि नवा पावसाळा लागायच्या आत त्यांना हलवायचं होतं. नवी घरं बांधायला लोखंड नव्हतं, सिमेंट नव्हतं. सगळं लढाईकडे जात होतं. म्हणून तालुकदार साहेबांनी, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टरांनी, हुकूम काढला: हिंगोलीच्या जुन्या छावणीतली लांब बराक रिकामी पडली आहे, तिच्या खोल्या करून या लोकांना द्या.

नवी इमारत बांधणं त्या मानाने सोपं. जुन्या इमारतीत सगळं आधीच कोणीतरी ठरवून गेलेलं असतं. बराक शिपायांसाठी बांधलेली होती. शिपाई ओळीने झोपतो, ओळीने उठतो आणि जेवायला दुसरीकडे जातो. संसाराला चूल लागते, धुराला वाट लागते, आंघोळीला आडोसा लागतो आणि भांडण झालं तर लावून घ्यायला दार लागतं. मी प्लॅन असा केला की दर दोन खणांना एक आडवी भिंत घालायची. दोन कैच्यांमधली जागा म्हणजे एक खण. समोर लांब व्हरांडा होताच, तिथे ज्याची त्याची चूल आणि वर धूर जायला झरोका. मागच्या प्रत्येक खिडकीखालची भिंत कापून तिचं दार करायचं. भिंती विटांच्या, वरून चुन्याचं प्लास्टर. डोकं खाजवावं असं त्यात काही नव्हतं.

मी मूळचा औंढ्याचा. घरात नागनाथाच्या देवळाची पूजाअर्चा. हिंगोलीला नेमणूक झाली तेव्हा आईचे लांबचे भाऊ धोंडोपंत वकील म्हणाले, "आपल्या घरचं पोरगं खानावळीत जेवणार? शोभतं का?" तेव्हापासून मी त्यांच्या माडीवर राहत होतो आणि त्यांच्या पंगतीला जेवत होतो. मामा गावातले मोठे आसामी. टाऊन कमिटीचे अध्यक्ष. पूरग्रस्तांना त्यांनी स्वतःच्या घरून ज्वारी वाटली होती.

बराकीचं मोजमाप घेऊन आलो त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "श्रीधर, त्या कामात फार जीव गुंतवू नकोस. ती जागा बरी नाही."

"भिंती चांगल्या आहेत, मामा. छप्परही ठीक आहे."

"भिंतींचं कोण बोलतंय? आवारात तो बारूदखाना आहे ना. पलटणीची दारू अजून आत पडून आहे. तिथं बायका चुली पेटवणार. एखादी ठिणगी गेली तर जबाबदार कोण? तू!"

बारूदखाना मी लांबून पाहिला होता. बराकीच्या पूर्वेला एक ठेंगणी दगडी खोली. खिडकी नाही, जाड भिंती, पत्रा ठोकलेलं दार आणि त्याला भलं मोठं कुलूप. गावातलं कोणी तिकडे फिरकत नसे. मामांची काळजी मला खरी वाटली. एवढंच मनात आलं की इतकी वर्षं ही काळजी कोणाला कशी वाटली नाही?

काम सुरू करण्याआधी मी शाळेत गेलो. राहणाऱ्यांनी जागा पाहून घ्यावी, चूल कुठे हवी ते सांगावं, असा माझा विचार. तिथल्या लोकांच्या वतीने बोलायची ती गयाबाई भोईण. नवरा वारलेला, दोन मुलं नदीवर होडी चालवायची आणि धाकट्या सुनेला दिवस गेलेले होते. गयाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. तिने मान वर केली नाही.

"चला, खोल्या बघून घ्या," मी म्हणालो.

"काहून?"

"काहून म्हणजे? तुमच्यासाठीच करून राहिलो ना."

"सरकार फुकट काहून देऊन राहिलं?"

"पूर आला म्हणून."

"पूर माझ्या सासऱ्याच्या येळेलाबी आला व्हता. तवा न्हाई दिलं कोनी काही." आता तिने माझ्याकडे पाहिलं. "बराकीत कोन ऱ्हातं, वरसेर सायेब? शिपाई. आमी बराकीत गेलो, आमच्या पोरांची नावं लिवली, की लढाईवर चालले. घर द्यायचं आन् लेकरू न्यायचं. येवढं कळतं आमाला."

"असं काही नाही, बाई. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी जेवता कोनाच्या घरी?"

"धोंडोपंत वकिलांकडे."

"मंग मला काहून इचारता?" असं म्हणून तिने पाठ फिरवली.

मला वाटलं, वकील कमिटीचे अध्यक्ष आहेत, त्यांना सगळं ठाऊक असेल, असं तिला म्हणायचं असावं.

कामाचा ठेका रामय्या गुत्तेदाराकडे होता. आमच्याकडे ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. रामय्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या गवंडीकाम करणारं. चुना बैलाच्या घाणीवर दळायचा, त्यात बेलफळाचं पाणी घालायचं, हे सगळं तो स्वतः उभा राहून करून घ्यायचा. उन्हाळाभर काम झपाट्याने झालं. आडव्या भिंती उठल्या, मागची दारं कापून झाली, प्लास्टर झालं. पांढऱ्या खोल्यांची ती ओळ पाहून मलाच तिथे राहायला जावंसं वाटलं.

मग आभाळ भरून यायला लागलं. पाऊस नव्हता, नुसती दमट हवा. एका सकाळी साइटवर गेलो तर रामय्या पूर्वेकडच्या खोलीत भिंतीसमोर उभा. नव्या प्लास्टरवर ओले डाग पडले होते. हात लावला तर माणसाला ताप उतरताना घाम यावा तशी भिंत घामेजलेली. चार दिवसांत प्लास्टरला फुगे आले आणि त्याच्या खपल्या पडायला लागल्या. गवंडी आपसात कुजबुजू लागले. पलटणीतला कोणी मेलेला शिपाई, कोणाची तरी बायको, असं काहीबाही.

ही बातमी परभणीच्या ऑफिसात माझ्या रिपोर्टाआधी पोचली. आमचे असिस्टंट इंजिनियर जाफर साहेब रेल्वेने आले. उंच, मितभाषी माणूस. त्यांनी काठीचं टोक प्लास्टरला लावलं. प्लास्टरचा पापुद्रा ज्वारीच्या भाकरीएवढा निघून खाली पडला.

"ये चुना है या राख?"

रामय्याचा चेहरा उतरला. "साहेब, घाणी माझ्या दारात हाय. येऊन बघा. चुन्यात चोरी केली असंल तर हात तोडा."

"हाथ तोडने का काम मेरा नहीं," साहेब म्हणाले आणि मला बाजूला घेतलं. "देखो, गुत्तेदार चुना चुराता है तो ओव्हरसियर को मालूम रहता है. मालूम नहीं तो ओव्हरसियर निकम्मा है. तुम कौन से हो?"

मी म्हणालो, "मला थोडा वेळ द्या, साहेब. चुना चांगला आहे. दुसरंच काही आहे."

"स्कूल खुलने से पहले मैं फिर आऊँगा. दीवार ऐसी ही रही तो काम बंद, बराक नीलाम. आपके वकील साब की दरख्वास्त भी आई है. लिखते हैं, ये इमारत रहने के लायक नहीं."

मामांनी अर्ज दिला होता. आम्ही दोन्ही वेळा एका पंगतीला जेवत होतो आणि त्याबद्दल ते मला एका शब्दाने बोलले नव्हते.

साहेब गेल्यावर मी पूर्वेकडच्या खोलीत एकटाच बसलो. ओल तीन वाटांनी येते. छप्पर गळलं तर वरून खाली उतरते. जमिनीतून आली तर खालून वर चढते आणि तळाशी सगळ्यात जास्त असते. तिसरी वाट नळाची, पण इथे नळच नव्हता. मी भिंत नीट पाहिली. वरचा भाग कोरडा. आणि तळाशी, फरशीपासून वीतभर उंचीपर्यंत, तीही कोरडी. ओल मधल्या पट्ट्यात होती. त्या पट्ट्याची वरची कड माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर दोरी धरून आखावी तशी सरळ. पुढच्या खोलीत तेच. त्याच्या पुढच्या खोलीतही तेच. आणि मधली जुनी आडवी भिंत ओलांडून पश्चिमेला गेलं की काही नाही. त्याच घाणीचा चुना, तेच गवंडी, आणि प्लास्टर दगडासारखं घट्ट.

म्हणजे चुन्यात खोट नव्हती. पूर्वेकडच्या जुन्या भिंतींनाच काहीतरी झालं होतं. फळ्या टाकून, त्यांवर डोक्याएवढी थप्पी लावून, भिंतींना टेकवून काहीतरी ठेवलेलं होतं.

मी विचार करत असतानाच गयाबाईच्या शेळ्या आत आल्या. त्या छावणीच्या माळावर चरायच्या आणि गवंड्यांनी कितीही हाकललं तरी परत यायच्या. त्या सरळ भिंतीपाशी गेल्या आणि पडलेल्या खपलीमागची जुनी भिंत चाटायला लागल्या. मन लावून, डोळे मिटून. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग मीही भिंतीला जीभ लावली.

मीठ.

भिंतीतला लोणा, म्हणजे फुलून येणारा क्षार, मला माहीत होता. पण तो खारट-तुरट लागतो. हे स्वयंपाकघरातलं, भाजीत घालायचं मीठ होतं. मिठाला हवेतली ओल ओढून घ्यायची सवय असते. भिंतीत मीठ मुरलेलं असेल तर दमट हवेत ती पाझरणारच आणि वरचं कोणतंही प्लास्टर ढकलून देणार.

आता प्रश्न एवढाच की मीठ कोणत्या काळातलं. पलटणीचं कोठार असेल, तर दोष कोणाचाच नाही. फरशीच्या सांधीत मला सुतळीचा एक तुकडा सापडला. पलटणीच्या काळातल्या सुतळीचा चिमटीत भुगा झाला असता. ही मी दोन्ही हातांनी ओढली तरी तुटेना.

म्हणजे गावात मिठासाठी बायका ताटकळत होत्या तेव्हा सरकारी बराकीत कोणीतरी मिठाची पोती थप्पीला लावून भाव चढायची वाट पाहत बसला होता. माझ्या खात्याचा हुकूम निघाल्यावर त्याने माल हलवला आणि फरशी झाडून घेतली. बराकीत माणसं राहायला येऊ नयेत, असं वाटणारा कोणीतरी खरोखरच होता.

खंडू चौकीदार एकटा एवढा माल घेऊ शकत नव्हता. त्याच्या मागे कोणीतरी होतं. गाड्या रामय्याकडेही होत्या. मी त्याला सरळ विचारलं, "पूर्वेकडे आधी काय ठेवलेलं होतं, ठाऊक आहे?"

रामय्या थापी पुसायला लागला. "मला काई इचारू नका, सायेब. तुमची बदली व्हईल. मला इथंच धंदा करायचाय."

त्याला माहीत होतं. गयाबाईलाही माहीत असावं. सगळ्या गावाला थोडंथोडं माहीत होतं आणि सगळ्यांना वाटत होतं की मी त्यात आहे. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रस्त्यात जकातीचा नाका होता. एवढी पोती गाड्यांतून गावाबाहेर नेली असती तर बोभाटा झाला असता. माल लांब गेलेला नसणार.

दुसऱ्या दिवशी सरकारच्या पगारावर मी दुपारभर शेळ्यांच्या मागे हिंडलो. बराकीतून हाकलल्यावर त्या माळावर गेल्या, जरा चरल्या, आणि मग एकामागोमाग बारूदखान्याकडे वळल्या. तिथे दाराचा दगडी उंबरा त्यांनी चाटून गुळगुळीत केला होता.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा मामी ओसरीवर लोणच्याच्या कैऱ्या घेऊन बसल्या होत्या. मोठं घंगाळ भरून फोडी, आणि त्या ओंजळीने मीठ टाकत होत्या.

"मामी, बाजारात तर चिमूटभर मीठ मिळत नाही."

"मिळत नाही खरं. पण ह्यांनी आणलंय कुठूनसं. वकिलाच्या घरी अडतं होय रे काही?" त्या हसल्या. त्यांच्या हसण्यात काही लपवाछपवी नव्हती. फोडींना चिकटलेला सुतळीचा एक धागा त्यांनी नखाने काढून टाकला.

त्या रात्री पंगतीत मी ताटातल्या मिठाकडेच पाहत होतो. मामा समोर बसून मला आग्रहाने वाढायला सांगत होते.

माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता. शेळ्या साक्ष देत नाहीत. वकिलाच्या घरात मीठ असणं हा गुन्हा नव्हता. आणि मी त्यांच्यावर आरोप केला असता तर साहेबांनी पहिली गोष्ट हीच म्हटली असती की प्लास्टर पडलं म्हणून हा पोरगा दुसऱ्याकडे बोट दाखवतोय. मग मी मामांच्याच शब्दांचा आधार घेतला. साहेबांना रिपोर्ट पाठवला: बराकीला लागून बारूदखाना आहे. आत जुनी दारू असल्याचं कमिटीचे अध्यक्ष स्वतः सांगतात. तो उघडून तपासल्याशिवाय इथे कुटुंबं ठेवणं धोक्याचं आहे, तरी इन्स्पेक्शन व्हावं.

मिठाचं नाव मी कुठेही काढलं नाही.

जाफर साहेब आले ते तहसीलदारांना सोबत घेऊनच. अध्यक्ष म्हणून मामांनाही बोलावणं होतं. रामय्या लोहाराला घेऊन आला. शाळेतली माणसंही जमली. गयाबाई सगळ्यात पुढे होती, कमरेवर हात ठेवून.

"किल्ली?" साहेबांनी विचारलं.

"हरपली, सायेब," खंडू म्हणाला. "बापाच्या येळेलाच हरपली."

मामा पुढे झाले. "साहेब, हे धोक्याचं आहे. शिवाय ही पलटणीची मालमत्ता. हैदराबादहून परवानगी मागवू. थोडे दिवस थांबू."

"वकील साब," जाफर साहेब शांतपणे म्हणाले, "अंदर दारू है, तो ये लोग यहाँ नहीं रह सकते. दारू नहीं है, तो आपकी बात गलत. दोनों में से एक बात आज तय हो जाएगी." मग त्यांनी मोठ्याने हुकूम दिला, "सब पीछे हटो. झाड के पीछे."

सगळे मागे सरले. तहसीलदार तर जवळजवळ पळालेच. बायकांनी लेकरं उचलली. मी आणि साहेब चिंचेच्या खोडाआड गेलो. लोहार देवाचं नाव घेत पुढे झाला आणि छिन्नीवर पहिला घाव घातला. ठिणगी उडाली. माझ्या शेजारी कोणीतरी डोळे घट्ट मिटून घेतले.

तेव्हा मला दिसलं की मामा मागे आलेच नव्हते. ते दारापासून चार हातांवर, लोहाराच्या खांद्यावरून कुलपाकडे पाहत उभे होते. ठिणग्या उडत होत्या आणि त्यांचं चित्त फक्त कुलपात होतं.

साहेबांनीही ते पाहिलं. त्यांनी झाडामागूनच विचारलं, "वकील साब, आपको डर नहीं लगता?"

मामांनी मागे वळून पाहिलं. सगळं गाव झाडाआड आणि ते एकटे उघड्यावर. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं, पण उशीर झाला होता. कुलूप तुटून खाली पडलं.

पत्र्याचं दार उघडलं. आत खाली फळ्या आणि फळ्यांवर छतापर्यंत पोती. पुढच्या पोत्याची शिवण उसवलेली होती आणि उंबऱ्यापाशी पांढरा ढीग सांडलेला होता. कोणी काही बोलायच्या आत एक शेळी सगळ्यांच्या पायांतून वाट काढत पुढे गेली आणि तिने त्यात तोंड घातलं.

गयाबाई मोठ्याने हसली. "ही व्हय तुमची दारू! आन् आमच्या पोरांला लढाईवर धाडनारी पलटण हीच व्हय!"

मामा गरकन खंडूकडे वळले. "हरामखोर! सरकारी जागेत हे धंदे? कोणाचा माल आहे हा?"

खंडूने त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि म्हणाला, "मला म्हाईत न्हाई."

उजेड होता तोवरच मी माझी ट्रंक न्यायला घरी गेलो. मामा बैठकीत होते. मला पाहून उठले. "माझंच मीठ खाऊन..." असं म्हणाले आणि तिथेच थांबले. मी माडीवरून ट्रंक उतरवली. दारात मामी उभ्या होत्या. "जेवून तरी जा रे," एवढंच म्हणाल्या. त्यांच्याशी मला नजर मिळवता आली नाही. त्यांची काही चूक नव्हती आणि त्यांना कोणी काही सांगितलंही नव्हतं. मी बराकीच्या पश्चिमेकडच्या एका खोलीत पथारी टाकली आणि पुढे खानावळीत जेवत राहिलो.

बराकीचं काम मग ठीक झालं. पूर्वेकडचं प्लास्टर सगळं खरवडून काढलं. जुन्या भिंतीवर ओल्या चिकण मातीचा जाड लेप चढवायचा, तो वाळू द्यायचा आणि उतरवून फेकून द्यायचा. माती वाळताना भिंतीतलं मीठ ओढून घेते. हे पुनःपुन्हा करावं लागतं आणि घाई चालत नाही. सगळ्यात खराब भिंतीपासून हातभर आत आम्ही विटांची एक पातळ भिंत वेगळी उभी केली, मध्ये हवा खेळती ठेवली. तोपर्यंत पश्चिमेकडच्या खोल्यांत सगळ्यांना दाटीवाटीने बसवलं. शाळा वेळेवर उघडली.

गयाबाईचा संशय मात्र फिटला नव्हता. तिने आपल्या खोलीत आधी शेळी बांधली. "दोन दिस तिला ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "तिचं नाव कोनी लिवून न्हाई नेलं, तर आमी येतो." मग ती आली. तिच्या सुनेला मुलगी झाली ती त्याच खोलीत, बाहेर मुसळधार पाऊस पडत असताना. प्लास्टर टिकलं. रामय्या त्या दिवशी ओल्या कपड्यांनीच भिंतींवरून हात फिरवत सगळ्या खोल्यांतून फिरला. जाफर साहेबांनी त्याची माफी मागितली नाही, पण पुढचं काम त्यालाच दिलं. मला म्हणाले, "अच्छा, तो तुम निकम्मे नहीं थे." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला नोकरीत मिळालं नाही.

मीठ तहसीलमार्फत बाजारात आलं आणि बायकांचं ताटकळणं काही दिवस थांबलं. माल कोणाचा, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. खंडूची नोकरी गेली. त्याने तोंड उघडलं नाही आणि पुढे त्याचं बिऱ्हाड वकिलांच्या शेतावर दिसायला लागलं. खोल्या रीतसर ताब्यात देण्याचा समारंभ झाला तेव्हा कमिटीचे अध्यक्ष म्हणून धोंडोपंतांनीच भाषण केलं. गरिबांच्या निवाऱ्यासाठी आपण कसे झटलो ते सांगितलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. कारण मी विचारलं नाही.

पुढच्या नोकरीत मी बऱ्याच रिकाम्या इमारती राहण्यालायक केल्या. बंद पडलेलं कापसाचं जिनिंग, जुनी सराई, एक पडका दवाखाना. लोक म्हणतात, आधी पाया तपासावा. मी तोही तपासतो, पण नंतर. आधी चौकशी करतो की ही इमारत रिकामी राहिली तर कोणाचं भलं होतं. तो माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. बहुतेक वेळा तो कमिटीवरच असतो.